शिबें आणि महारोग : एका फिकट डागाचा इतिहास

वैनगंगेच्या दोन्ही तीरांवर पसरलेला जो मुलूख पूर्वीं चांदा या एकाच नांवानें ओळखला जात असे, त्याचे १९८२ सालीं चंद्रपूर व गडचिरोली असे दोन जिल्हे झाले. या मुलखाविषयीं लिहूं लागलें म्हणजे गोंड राजांचा कोट, सागवानाचीं रानें, कोळशाच्या खाणी व ताडोब्याचे वाघ यांची आठवण प्रथम होते, व तें स्वाभाविकच आहे. परंतु प्रस्तुत लेखांत आम्ही ज्या गोष्टीचा इतिहास सांगणार आहों ती याहून फार लहान, किंबहुना नुसत्या डोळ्यांस न दिसण्याइतकी लहान आहे. मनुष्याच्या छातीवर, पाठीवर किंवा मानेवर एखादा फिकट डाग उठतो. तो डाग कशाचा, हा तो प्रश्न होय. त्याचें एक उत्तर ‘शिबें’ असें आहे आणि दुसरें ‘महारोग’ असें आहे. पहिल्या उत्तराचा अर्थ थोडी कुरूपता व थोडकें औषध एवढाच. दुसऱ्याचा अर्थ मात्र पिढ्यान् पिढ्या घर, गांव व गोत यांस मुकणें असा होत आला. वरून सारख्या दिसणाऱ्या दोन डागांमध्यें एवढें अंतर असावें, आणि तें निश्चितपणें ओळखण्यास मनुष्यास दोन हजार वर्षें लागावीं, ही गोष्ट इतिहासाच्या अभ्यासकानें दुर्लक्षावी अशी खास नाहीं.

शिबें उत्पन्न करणारा जीव किण्ववर्गांतला आहे. किण्व म्हणजे ज्याला इंग्रजी शिकलेले लोक यीस्ट म्हणतात तो. पाव फुगविणारा, ताडी आंबविणारा, आणि याच रानांत मोहाच्या फुलांपासून मद्य उत्पन्न करणारा हा एकपेशीय बुरशीचा वर्ग आहे. त्याच वर्गांतील कांहीं मंडळी मनुष्याच्या कातडीवर वस्ती करून असतात. त्वचेंतून जो स्निग्ध अंश सतत पाझरतो तो त्यांचा आहार. धडधाकट माणसाच्या अंगावरही त्या असतात व सहसा कोणास उपद्रव देत नाहींत. परंतु हवा उष्ण व दमट झाली, घाम फार येऊं लागला, आणि शरीराची प्रकृति अनुकूल असली म्हणजे त्याच बिऱ्हाडकरूंची संख्या वाढते, गोल पेशींस बारीक तंतू फुटतात, आणि कातडीवर कोंडा सुटणारे डाग पडतात. चंद्रपुराचा उन्हाळा सबंध देशांत प्रसिद्ध आहे. मृगानंतर त्याच तापलेल्या भूमीवर पावसाची दमट वाफ दाटते, व धानाच्या बांधींत रोवणीस उतरलेल्या माणसांचे कपडे दिवसचे दिवस अंगावर ओलेच राहतात. किण्वांस याहून अनुकूल ऋतु कोणता असणार ?

दुर्दैव असें कीं, जेथें शिबें सुखानें नांदतें त्याच मुलखांत महारोगानेंही फार काळ ठाण मांडलें आहे. महाराष्ट्रांत ज्या जिल्ह्यांमध्यें या रोगाचें प्रमाण इतरांहून अधिक आढळत आलें, त्यांत चंद्रपूर व गडचिरोली यांचीं नांवें नेहमीं असतात. सुरवातीच्या महारोगाचा डागही पुष्कळदां फिकट, सपाट व न दुखणारा असतो. तेव्हां या प्रदेशांतील माणसानें आपल्या मुलाच्या पाठीवर फिकट चट्टा पाहिला म्हणजे त्याच्या मनांत जी शंका येते ती निव्वळ अडाणीपणाची म्हणून हंसण्यावारी नेण्यासारखी नाहीं. शंका खरी आहे. प्रश्न एवढाच कीं ती फेडण्याचें साधन त्याच्यापाशीं आहे कीं नाहीं.

आमच्या प्राचीन वैद्यांपुढें हाच प्रश्न होता, व त्यांनीं तो किती बारकाईनें हाताळला होता तें पाहण्यासारखें आहे. आयुर्वेदांत ‘कुष्ठ’ हा शब्द एका रोगाचें नांव नसून त्वचेच्या अनेक विकारांस मिळून दिलेली संज्ञा आहे. सात महाकुष्ठें व अकरा क्षुद्रकुष्ठें मिळून अठरा कुष्ठें ग्रंथकारांनीं मानलीं. त्यांपैकीं ‘सिध्म’ नांवाच्या कुष्ठाचें चरकानें केलेलें वर्णन असें : तें पांढुरकें किंवा तांबूस असतें, पातळ असतें, घांसलें असतां त्यांतून धुळीसारखा कोंडा झडतो, त्याचा रंग भोपळ्याच्या फुलासारखा असतो, आणि तें बहुधा छातीवर होतें. आजचा त्वचारोगतज्ज्ञ शिब्याचें वर्णन करूं लागला तर याहून फारसें निराळें लिहिणार नाहीं. आपला ‘शिबें’ हा शब्दही याच ‘सिध्म’ शब्दाचा वंशज असावा असें मानण्यास भाषेच्या दृष्टीनें चांगलें कारण आहे.

पण वर्णन इतकें जुळत असूनही वर्गीकरणाच्या वेळीं मतभेद झाला. चरकानें सिध्म हें सात महाकुष्ठांमध्यें घातलें. सुश्रुतानें तें क्षुद्रकुष्ठांत ठेविलें, आणि चरकानें क्षुद्र मानिलेलें दद्रु म्हणजे नायटा उचलून महाकुष्ठांत नेला. वाग्भटानें या बाबतींत सुश्रुताची वाट धरली. हा वाद पंडितांच्या हौसेचा नव्हता. डोळ्यांस दिसणारीं लक्षणें तींच, पण त्यांच्यामागील कारण अदृश्य, अशी स्थिति असतां कोणतें थोर व कोणतें क्षुद्र हें ठरवावयाचें कशाच्या आधारावर ? दोघांही आचार्यांनीं जें पाहिलें तें बरोबर पाहिलें. जें दिसणें त्या काळीं अशक्य होतें तेथें मात्र दोघांचे निर्णय निराळे पडले.

पुढें या शब्दांनींच घोंटाळा वाढविला. अठरा विकारांस पुरणारा ‘कुष्ठ’ हा शब्द लोकभाषांत उतरतां उतरतां आकुंचित होत गेला, आणि प्रत्येक भाषेंत तो निराळ्या ठिकाणीं जाऊन बसला. मराठींत त्यापासून आलेला ‘कोड’ हा शब्द केवळ त्वचेचा रंग जाण्याच्या निरुपद्रवी विकारास लागतो. हिंदींत त्याचाच भाऊ ‘कोढ’ हा महारोगाचा वाचक आहे. गडचिरोलीची पूर्वसीमा छत्तीसगडास भिडलेली असून या बाजूस मराठी, गोंडी, माडिया, तेलुगु, हिंदी व छत्तीसगडी अशा अनेक भाषा शेजारीं शेजारीं नांदतात. अशा मुलखांत एका गांवीं उच्चारलेला शब्द दुसऱ्या गांवीं जाईपर्यंत त्याचा रोगच बदलावा, हें अगदीं शक्य आहे. रोग्याच्या कपाळीं शिक्का बसण्यास एवढेंही पुरतें.

अदृश्य कारण दृश्य करण्याचें साधन एकोणिसाव्या शतकांत सूक्ष्मदर्शक यंत्राच्या रूपानें हातीं आलें. १८४६ सालीं आइखस्टेट या जर्मन वैद्यानें शिब्याचा कोंडा भिंगाखालीं धरला, तेव्हां त्यास त्यांत बुरशीच्या पेशी दिसल्या. १८५३ त फ्रान्समधील शार्ल रोबें यानें तिला नांव दिलें. त्यांतील ‘फर्फर’ हा लॅटिन शब्द कोंड्याचाच वाचक आहे. १८७४ सालीं लुई शार्ल मालासे या फ्रेंच शास्त्रज्ञानें डोक्यांतील कोंड्यांत तशाच गोल पेशी दाखविल्या, व १८८९ त बायों या वनस्पतिशास्त्रज्ञानें त्याच्या सन्मानार्थ ‘मालासेझिया’ ही प्रजाति स्थापन केली. या सुमारासच, १८७३ सालीं, नॉर्वेंतील बर्गेन शहरीं हान्सेन यास महारोग्यांच्या गांठींत दंडाकार जंतु दिसले. म्हणजे एकाच पिढीच्या डोळ्यांपुढें दोन्ही डागांचे धनी उभे राहिले, आणि ते एकमेकांचे दूरचेही नातलग नाहींत हें उघड झालें. एक बुरशीच्या कुळांतला, दुसरा क्षयाच्या जंतूचा भाऊबंद. आजही शिब्याचा कोंडा क्षाराच्या द्रवांत भिजवून भिंगाखालीं ठेविला तर शेवयांच्या तुकड्यांत साबुदाणा मिसळावा तसें दृश्य दिसतें, आणि डागाच्या धन्याची ओळख पटते.

तथापि दिसणें निराळें व प्रयोगशाळेंत वाढविणें निराळें. कोणताही सूक्ष्म जीव वाढवितां आल्याशिवाय त्याच्या स्वभावाचा अभ्यास पुरा होत नाहीं. त्वचेचा हा किण्व नेहमींच्या खाद्यावर कांहीं केल्या वाढेना. या प्रकरणांत कलकत्त्याच्या स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिन या संस्थेचें नांव आदरानें घेतलें पाहिजे. तेथील त्वचारोगतज्ज्ञ गणपति पांजा यांनीं १९२७ सालीं या किण्वांच्या लागवडीविषयीं व जातींविषयीं आपला निबंध प्रसिद्ध केला, आणि डोक्यांतील कोंड्याचे गोल किण्व व शिब्याचे तंतुमय किण्व हीं एकाच प्रजातीचीं रूपें आहेत अशी बाजू मांडली. पुढें १९३९ त न्यूयॉर्क येथील ऱ्होडा बेनहॅम या विदुषीनें या जीवाची खरी गरज दाखवून दिली. त्यास स्निग्ध पदार्थ हवे असतात. खाद्यांत तेलाचा अंश घातला म्हणजे तो वाढतो. महारोगाच्या जंतूनें मात्र आजपर्यंत कोणत्याही कृत्रिम खाद्यावर वाढण्याचें नाकारलें आहे. उंदराच्या तळपायांत १९६० सालीं व आर्माडिलो नांवाच्या कवचधारी प्राण्यांत १९७१ सालीं तो वाढवितां आला, एवढेंच.

पांजा यांचें मत सर्वांनीं तत्काळ मानलें असें नाहीं. गोल पेशींचें नांव ‘पिटिरोस्पोरम’ व तंतूंचें ‘मालासेझिया’ अशीं दोन नांवें पुष्कळ वर्षें चालत राहिलीं. नव्या जातींची भरही पडत होती. १९२५ सालीं फिलाडेल्फियांत वाइडमन यानें एका हिंदी गेंड्याच्या सोलणाऱ्या कातडींतून निराळा किण्व काढला, व त्यास त्या जाड कातडीच्या प्राण्यावरून नांव दिलें. पुढें तोच किण्व कुत्र्यांच्या कानांत व त्वचेवर सर्रास सांपडूं लागला. पण पेशी गोल कीं लांबट, रुंद कीं अरुंद, एवढ्या पुराव्यावर जाति ठरविणें म्हणजे चरक व सुश्रुत यांच्याच अडचणींत पुन्हा सांपडणें होतें. फरक एवढाच कीं आतां डोळ्यापुढें भिंग होतें.

या ठिकाणीं चंद्रपूर जिल्ह्यांतीलच एक उदाहरण घेतलें तर विषय सुलभ होईल. नागभीड तालुक्यांतील नांदेड या गांवचे शेतकरी दादाजी खोब्रागडे यांस १९८३ सालीं आपल्या धानाच्या शेतांत इतरांहून निराळ्या अशा कांहीं लोंब्या दिसल्या. सगळ्यांना जें एकच धान वाटत होतें त्यांत त्यांनीं वेगळेपण पाहिलें, त्या लोंब्यांचें बी राखून ठेविलें, वर्षानुवर्षें तें निराळें पेरलें, आणि त्यांतून ‘एचएमटी’ या नांवानें प्रसिद्ध झालेला बारीक तांदूळ निपजला. दादाजी २०१८ सालीं वारले. त्यांचें धान आज दूरदूरच्या ताटांत आहे. सारखें दिसणाऱ्यांत वाण ओळखणें म्हणजे काय हें त्यांच्या शेतानें जितकें स्पष्ट केलें तितकें क्वचितच एखादा ग्रंथ करील. वेगळेपण रूपांत थोडें दिसतें, पण तें बियांत खोल असतें व पिढ्यान् पिढ्या उतरतें.

किण्वांच्या बाबतींत हें ‘बियांतलें’ वेगळेपण वाचण्याची विद्या विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत आली. प्रत्येक पेशींत डीएनए नांवाचें द्रव्य असतें, व त्यांत चार अक्षरांच्या लिपींत त्या जीवाचा वारसा लिहिलेला असतो. दोन जीवांमधील तोच उतारा शेजारीं शेजारीं ठेवून पाठभेद मोजले म्हणजे त्यांचें नातें कळतें. ज्ञानेश्वरीच्या हस्तलिखितांचे पाठभेद पाहून अभ्यासक त्यांची वंशावळ लावतात, तसेंच हें. १९९६ सालीं गेहो, मिजली व गियो या संशोधकांनीं अशा पाठभेदांच्या आधारें मालासेझियाच्या सात जाति निश्चित केल्या. पुढें जपान, युरोप, ब्राझील इत्यादि ठिकाणांहून नव्या जातींची भर पडून ही संख्या अठराच्या घरांत गेली आहे. प्राचीन अठरा कुष्ठांशीं या आंकड्याचा कांहीं संबंध नाहीं. पण ज्या एका ‘सिध्मा’ला थोर म्हणावें कीं क्षुद्र याचा वाद होता, त्याच्या पाठीमागें एवढा मोठा गोतावळा असेल असें कोणास वाटलें असतें? या गोतावळ्यांत एक नांव आपल्या देशाचें आहे. चंदीगडच्या संशोधकांनीं भारतीय लोकांच्या त्वचेवरून मिळालेल्या एका जातीचें वर्णन २०१६ सालीं केलें, व तेथील बुरशीशास्त्रज्ञ अरुणालोक चक्रवर्ती यांच्यावरून तिला ‘मालासेझिया अरुणालोकेइ’ असें नांव दिलें.

२००७ सालीं ‘मालासेझिया ग्लोबोझा’ या जातीचा संपूर्ण जनुकसंच वाचून झाला, तेव्हां बेनहॅम बाईंनीं दाखविलेल्या तेलाच्या गरजेचें मूळ सांपडलें. या किण्वापाशीं स्निग्धाम्लें स्वतः तयार करण्याचें जनुकच उरलेलें नाहीं. मनुष्याची त्वचा सिद्ध अन्न वाढीत असतां स्वतःची चूल पेटविण्याची गरज नाहींशी झाली, व कालांतरानें चूलही गेली. पावाच्या किण्वांत सुमारें ६,००० जनुकें आहेत. यांत सुमारें ४,३०० च आहेत. जातिपरत्वें वस्तीही निराळी. कोणी मस्तकावर अधिक, कोणी छातीपाठीवर, कोणी डुकराच्या किंवा घोड्याच्या अंगावर. शिब्याच्या डागांत बऱ्याच ठिकाणीं ग्लोबोझा प्रमुख आढळते, तर कांहीं उष्ण प्रदेशांत फर्फर ही पुढें असते. त्यांतही फर्फर ही एकजिनसी जाति नाहीं. तिच्यांत अनेक वाण असून त्यांपैकीं कांहीं दोन निरनिराळ्या घराण्यांच्या संकरांतून झालेले आहेत, असें २०२२ त प्रसिद्ध झालेल्या संशोधनानें दाखविलें.

आतां याच कसोटीस महारोगाचा जंतु लावून पाहूं. त्याचा जनुकसंच २००१ सालीं वाचला गेला, व त्यासाठीं वापरलेला वाण तमिळनाडूंतील होता. त्यानेंही आपली चूल मोडली आहे, आणि किण्वाहून कितीतरी अधिक. त्याच्यापाशीं सुमारें १,६०० जनुकें चालतीं असून १,१०० हून अधिक मोडकळीस आलेलीं आहेत. म्हणूनच तो कृत्रिम खाद्यावर जगत नाहीं. पण याहून आश्चर्याची गोष्ट २००५ सालीं पुढें आली. जगाच्या निरनिराळ्या खंडांतून आणलेले त्याचे वाण ताडून पाहतां त्यांच्यांत जवळ जवळ भेदच नाहीं असें दिसलें. पुढें तमिळनाडूच्या व ब्राझीलच्या वाणांची अक्षरशः तुलना झाली, तेव्हां ते ९९·९९५ टक्के एकसारखे निघाले. समुद्रापलीकडील दोन वाणांत एवढें साम्य ! ज्याच्या नांवानें सारें जग कांपत होतें तो जंतु एकसुरी, पांगळा, आपल्याच बळावर न वाढणारा असा निघाला. आणि ज्याकडे कोणी ढुंकून पाहिलें नाहीं त्या शिब्याच्या किण्वाचें कूळ मात्र विविध, विपुल व सर्वांच्या अंगणांत नांदणारें.

या वैविध्याचा सामान्य माणसास काय उपयोग, असा प्रश्न वाचक करतील. त्याचें उत्तर दुसऱ्या एका किण्वाच्या हकीकतींत आहे. २००९ सालीं जपानांत एका रुग्णाच्या कानांतून ‘कँडिडा ऑरिस’ या जातीचें प्रथम वर्णन झालें. हा किण्व त्वचेवर मुक्काम करतो व रुग्णालयांत दुर्बळ रोग्यांच्या रक्तांत शिरला म्हणजे प्राणघातक होतो. शिवाय पुष्कळ औषधांस दाद देत नाहीं. परंतु साध्या तपासणींत तो आपल्या एका भावंडासारखा दिसत असल्यानें पुष्कळ ठिकाणीं त्याच्यावर चुकीचें नांव पडत असे, व नांव चुकलें म्हणजे औषधही चुकत असे. जनुकें वाचल्यावर कळलें कीं दक्षिण आशिया, पूर्व आशिया, आफ्रिका व दक्षिण अमेरिका येथील याचीं घराणीं एकमेकांपासून पुष्कळच निराळीं आहेत. रुग्णालयांबाहेर, निसर्गांत, तो प्रथम सांपडल्याचें वृत्त २०२१ सालीं आलें, तें आपल्याच अंदमान बेटांच्या किनाऱ्यावरून. सारांश, ओळख चुकली तर निरुपद्रवी पाहुण्यास आपण दरोडेखोर समजतों आणि दरोडेखोरास पाहुणा. दोन्हींची किंमत रोग्यासच द्यावी लागते.

महारोगाच्या बाबतींत ती किंमत किती जबर होती याचा इतिहास विदर्भास नवा नाहीं. १८९८ च्या कायद्यानें व्रण झालेल्या निर्धन महारोग्यांस वेगळें ठेवण्याचा अधिकार सरकारनें घेतला. नुसता डाग त्या कायद्याच्या कक्षेंत येत नव्हता. पण समाजाला कायद्याची वाट पाहण्याची गरजच नव्हती. डाग दिसला कीं तो आपला निकाल देऊन मोकळा होत असे. त्या निकालाविरुद्ध उभीं राहिलेलीं माणसेंही याच भागांतलीं. वर्ध्याजवळ दत्तपूर येथें मनोहरजी दिवाण यांनीं १९३६ सालीं कुष्ठधाम उघडलें. चांदा जिल्ह्यांत वरोड्यास वकिली करणारे मुरलीधर देवीदास आमटे यांनीं रस्त्याकडेच्या एका महारोग्यास पाहून प्रथम आपल्याला भय वाटलें हें पुढें स्वतःच सांगितलें, व त्या भयाचाच पाठपुरावा केला. वर ज्या कलकत्त्याच्या संस्थेचा उल्लेख आला, तेथेंच जाऊन त्यांनीं या रोगाचें शिक्षण घेतलें. एकाच संस्थेंत शिब्याच्या किण्वाचा अभ्यास व महारोगाचें शिक्षण व्हावें, आणि त्या दुसऱ्या शिक्षणाचें फळ चांद्याच्या माळरानावर उगवावें, हा योगायोग लक्षांत ठेवण्यासारखा आहे. १९४९ सालीं महारोगी सेवा समिति स्थापन झाली व १९५१ त विनोबांच्या हस्तें आनंदवनाचा आरंभ झाला. १९७३ च्या डिसेंबरांत भामरागडच्या अरण्यांत हेमलकसा येथें लोकबिरादरी प्रकल्प सुरू झाला. प्रकाश व मंदाकिनी आमटे या डॉक्टर दांपत्यानें माडिया लोकांमध्यें आयुष्य वेंचलें.

१९८१ सालीं जागतिक आरोग्य संघटनेनें अनेक औषधें एकत्र देण्याची पद्धति पुरस्कारिली, व सहा महिने ते एक वर्ष एवढ्या अवधींत हा रोग पुरा बरा होऊं लागला. डिसेंबर २००५ त राष्ट्रीय प्रमाण दहा हजारांत एकाहून खालीं उतरलें. १८९८ चा कायदा मात्र पुस्तकांतून निघण्यास २०१६ साल उजाडलें, आणि जोडीदाराचा महारोग हें घटस्फोटाचें कारण म्हणून विवाहविषयक कायद्यांत राहिलें होतें तें २०१९ सालीं काढलें गेलें. जंतु सहा महिन्यांत मरतो. कायद्यांतला शब्द मरण्यास शंभर वर्षांहून अधिक लागतात. लोकांच्या मनांतला शब्द किती काळ जगेल याचा हिशेब ज्यानें त्यानें करावा.

या मुलखाचा आणखी एक धडा आहे. अभय व राणी बंग या डॉक्टर दांपत्यानें गडचिरोलींत ‘सर्च’ ही संस्था स्थापन करून वसा व अमिर्झा या दोन गांवांतील ६५० स्त्रियांची तपासणी केली. तिचा अहवाल १९८९ च्या जानेवारींत ‘लॅन्सेट’ या इंग्रज वैद्यक नियतकालिकांत प्रसिद्ध झाला. शेंकडा ९२ स्त्रियांस कोणता ना कोणता स्त्रीरोग होता, आणि तपासणी पूर्वीं कधीं झाली होती अशा शेंकडा ८ च होत्या. त्या रोगांत निम्मा वांटा जंतुसंसर्गाचा होता, व त्यांत कँडिडा या किण्वाचाही समावेश होता. या स्त्रिया मुक्यानें सोसत होत्या याचें कारण रोग दुर्मिळ होता हें नसून कोणी विचारलें नव्हतें हें होतें. ज्याला आपण क्षुद्र समजतों त्याची मोजदाद होत नाहीं. मोजदाद नाहीं म्हणून तें क्षुद्रच राहतें. भातशेतीच्या चिखलांत पायांच्या बोटांमध्यें होणाऱ्या चिखल्या, घामानें मांड्यांत येणारी लाली, आणि छातीवरचें शिबें, हीं सारीं या दुर्लक्षित वर्गांतलीं आहेत. या रानांतील लोकांच्या त्वचेवर किण्वांचीं कोणतीं घराणीं नांदतात हें येथील महाविद्यालयांतील विद्यार्थ्यांनीं शोधावें असें आम्हांस मनापासून वाटतें. विषय दूरचा नाहीं. तो आपल्याच अंगावर आहे.

तोंपर्यंत प्रत्येक सुशिक्षित कुटुंबानें एवढें तरी जाणावें. शिब्याचा डाग नखानें हळूच घांसला तर बारीक कोंडा सुटतो. तेथें स्पर्श, ऊन व गार पूर्ववत् कळतें. तो अस्वच्छतेचा पुरावा नव्हे, कारण त्याचा किण्व सर्वांच्याच अंगावर आहे. आणि तो एकाच्या स्पर्शानें दुसऱ्यास जडतो असेंही धरून चालूं नये. औषधानें किण्व हटतो, पण त्वचेचा मूळ रंग परत येण्यास महिने लागतात, व पुढल्या पावसाळ्यांत डाग पुन्हा उठूंही शकतो. या विलंबानें पुष्कळांचा धीर सुटतो व ‘हा साधा डाग नव्हेच’ अशी कुजबूज सुरू होते. उलट ज्या फिकट डागावर स्पर्श कमी कळतो, घाम येत नाहीं, किंवा हातापायांस बधिरता येते, तो डाग एक दिवसही लपवूं नये. सरकारी दवाखान्यांत त्याचें औषध विनामूल्य मिळतें, व वेळेवर घेतलें तर बोट वांकडें होण्याची पाळी येत नाहीं. चेहऱ्यावरील डागांत ही स्पर्शाची परीक्षा फसूं शकते. म्हणून संशय असेल तेथें शेजाऱ्याचें मत न घेतां डॉक्टराचें घ्यावें.

चरक व सुश्रुत यांच्यापाशीं भिंग नव्हतें, म्हणून त्यांच्यांत मतभेद झाला. त्यांस आपण दोष देणार नाहीं. पांजांनीं पेशी पाहिल्या, बेनहॅमनें तेल घातलें, पुढील पिढीनें अक्षरें वाचलीं, आणि फिकट डागांचीं घराणीं एकामागून एक वेगळीं झालीं. प्रत्येक वेळीं भेद अधिक बारीक झाला तसतशी भीति थोडी कमी झाली. ढोबळ नांवाखालीं सर्वांस एकत्र कोंबणें ही केवळ ज्ञानाची उणीव नसून बहुतेक वेळां अन्यायाची सुरवातही असते. आतां साधनें हातीं असतांही चांद्याच्या एखाद्या गांवीं निव्वळ शिब्याच्या डागावरून मुलीचें लग्न मोडलें, किंवा खरा महारोग शिबें म्हणून लपविला गेल्यामुळें कोणाचीं बोटें झडलीं, तर तो दोष किण्वाचाही नव्हे व जंतूचाही नव्हे. तो आपला आहे.